जागा बधिर करताना

श्रोतेहो, नमस्कार.

दात काढायचा असो की जखमेला टाके घालायचे असोत, डॉक्टर म्हणतात, "आधी जागा बधिर करून घेऊ." तुमचं सगळं लक्ष सुईकडे जातं. आम्हा भूलतज्ज्ञांचं लक्ष असतं सिरिंजवरच्या रेघांकडे. औषध किती गेलं?

1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला, तिथून या औषधांची वाट सुरू झाली. कोकेनचं व्यसन लागतं, म्हणून पर्यायांचा शोध चालूच राहिला. स्वीडनमध्ये 1943 मध्ये तयार झालेलं लिडोकेन, म्हणजेच लिग्नोकेन, आजही सर्रास वापरलं जातं. मज्जातंतूवर सोडियमला आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. औषध ती अडवतं आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. ओढल्यासारखं किंवा दाबल्यासारखं जाणवू शकतं, त्याला घाबरू नका. दुखलं तर मात्र लगेच सांगा. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे औषध नीट लागू पडत नाही, हे आम्हालाही माहीत असतं.

आता मात्रा. बाटलीवर '2 टक्के' असं लिहिलेलं असतं. म्हणजे 1 मिलीलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम. नुसत्या लिडोकेनची मर्यादा किलोमागे साधारण 4.5 मिलिग्रॅम धरतात. 60 किलोच्या माणसाला 13.5 मिलीलिटर झाले; 15 किलोच्या मुलाला मात्र पुरते 3.5 मिलीलिटरही नाहीत! म्हणून मुलाचं वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर करून सांगा. सोबत अ‍ॅड्रेनालिन असेल तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात सावकाश उतरतं आणि मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅमपर्यंत जाते. ब्युपिवकेन हे बधिर करणारं दुसरं औषध जास्त वेळ टिकतं, पण हृदयाला ते अधिक घातक, म्हणून त्याची मर्यादा किलोमागे 2 ते 2.5 मिलिग्रॅमच.

मात्रा बरोबर असूनही ती थेट रक्तवाहिनीत गेली तर तीच जास्त ठरते. म्हणून सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का ते बघायचं, मग थोडं थोडं औषध सोडायचं. त्या वेळी डॉक्टरांना घाई करू नका.

आणि तुम्ही बोलत राहा. दाताच्या इंजेक्शननं ओठ जड होणारच. पण इंजेक्शन हाताला दिलंय आणि ओठांभोवती मुंग्या येताहेत, तोंडाला धातूची चव आलीय, कानात गुणगुणतंय, असं झालं तर त्याच क्षणी सांगा. औषध रक्तात जास्त झाल्याची ही खूण असते. पुढे झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकतं. यावर उपचार आहे: ऑक्सिजन, झटके थांबवणारं औषध आणि शिरेतून दिलं जाणारं दुधासारखं पांढरं 20 टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. मोठ्या मात्रेत औषध देताना ते हाताशी असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

बधिर करणारी मलमंही निरुपद्रवी समजू नका. मोठ्या भागावर चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं की त्वचेतूनही बरंच औषध रक्तात जातं.

दातांच्या इंजेक्शननंतर मुलाचा ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. मुलं तो चावत बसतात, दुखत नाही म्हणून कळतही नाही, आणि संध्याकाळी ओठ सुजून येतो. संवेदना परत येईपर्यंत त्याला खायला किंवा गरम प्यायला देऊ नका, आणि जवळ बसून त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा.