माझ्याकडं बघून बोला

(दृश्य : सकाळ. औसा तालुक्यातल्या एका गावचा एसटी थांबा. गणवेशातल्या मुली, दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या लाल रिबिनी.)

निवेदन :
मुलींनी दोन वेण्या घालूनच यायचं, असा नियम मराठवाड्यातल्या बऱ्याच शाळांत अजूनही आहे. वेण्या घट्ट बांधल्या की कान उघडे पडतात. या घोळक्यातली एक मुलगी दहावीत आहे. तिला कमी ऐकू येतं. सातवीपर्यंत ती दोन्ही कानांमागं ऐकायचं मशीन लावून शाळेत यायची. आठवीत मशीन डबीत गेलं आणि डबी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. का, असं विचारलं की ती रिबिनीकडं बोट करते. "केस मोकळे सोडू दिले असते तर लावलं असतं की."

तिचं नाव इथं येणार नाही आणि चेहराही पुरता दिसणार नाही. सांगायचं ते ती सांगणार आहे, आणि ते तिच्या एकटीचं नाही.

(दृश्य : वर्ग. सर फळ्याकडं तोंड करून गणित सांगतायत.)

निवेदन :
कमी ऐकू येणं म्हणजे सगळा आवाज बारीक होणं, असा आपला समज असतो. पुष्कळ मुलांच्या बाबतीत तसं नसतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. बोलण्यातले स्वर जाड आणि जोरकस असतात, ते पोचतात. स, क, प, त यांसारखी व्यंजनं दुबळी आणि उंच पट्टीची, ती वाटेतच गळतात. साठ, पाठ, काठ यातलं काहीही म्हटलं तरी हिच्या कानाशी नुसतं 'आठ' येतं. सर म्हणतात साठ, ही लिहिते आठ, आणि उत्तर चुकलं की वर्गाला वाटतं हिला गणित येत नाही.

बाकीचं ती डोळ्यांनी भरून काढते. ओठ बघते, शेजारणीची वही बघते, सगळे हसले की हसते. सर वळून "कळलं का?" म्हणाले की मान हलवते. ही मान हलवण्याची सवय फार महागात पडते. ऐकण्यासाठी सतत ताण देऊन, अंदाज बांधून मेंदू दमतो. संध्याकाळी डोकं दुखतं. घरचे म्हणतात, अभ्यासाचा कंटाळा करते. मशीन न लावणाऱ्या लेकराला आपण हट्टी म्हणतो, पण दिवसभर ते किती राबत असतं हे कुणी पाहिलेलं नसतं.

(दृश्य : टेबलावर मशीन. कानामागं बसणारा बाकदार भाग, पारदर्शक नळी, कानाच्या आत बसणारा साचा.)

निवेदन :
हे ते मशीन. मायक्रोफोन आवाज टिपतो, आतली चिप तो या मुलीच्या गरजेप्रमाणं वाढवते, छोटा स्पीकर तो नळीतून कानात सोडतो. गरजेप्रमाणं हा शब्द महत्त्वाचा. तपासणीत शांत खोलीत हेडफोन लावून बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं असतं. त्यातून आलेख निघतो, उजवा कान लाल गोल खुणांचा, डावा निळ्या फुल्यांचा. या आलेखावरून ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, मशीन कॉम्प्युटरला जोडून बसवतात. म्हणून आजोबांचं जुनं मशीन नातीच्या कानाला चालत नाही. एका कानाचं दुसऱ्याला चालेलच, असंही नाही.

लोक समजूत घालतात, "चष्म्यासारखंच तर आहे." पोरांना हे पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. चष्मा लावला की त्या क्षणी फळा स्वच्छ दिसतो. मशीन लावलं की आधी पंखा ऐकू येतो. भांड्यांचा खणखणाट, कॅरीबॅगची चुरचुर, स्वतःच्याच चपला, स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा. कितीतरी वर्षं ज्या आवाजांची ओळख नव्हती ते सगळे एकदम अंगावर येतात. त्यातला कुठला ऐकायचा आणि कुठला सोडायचा हे मेंदूला नव्यानं शिकावं लागतं, त्याला काही आठवडे जातात. तेव्हा सुरुवात घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलत करायची आणि रोज थोडा वेळ वाढवायचा. बाजारात, लग्नात, डीजेसमोर पहिल्या दिवशी न्यायचं नाही. हे कुणी सांगितलं नाही की लेकरू दोन दिवसांत मशीन काढून ठेवतं आणि "त्यानं काही उपयोग होत नाही" हे घरात कायमचं ठरून जातं.

(दृश्य : तपासणी केंद्र. मुलीच्या कानात दोरा बांधलेला स्पंजचा बोळा. मग सिरिंजमधून गुलाबी लगदा.)

निवेदन :
आता थोडं जवळून बघा. कानाच्या आत आधी हा छोटा बोळा सरकवतात, लगदा पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून. मग सिरिंजनं हा मऊ लगदा भरतात. गार लागतो, गुदगुल्या होतात. बोलायचं नाही, हसायचं नाही. थोड्याच मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो आणि अलगद बाहेर येतो. हा तिच्या कानाचा हुबेहूब ठसा. यावरून साचा बनतो.

आमच्या मुलीचं मशीन आठवीत कपाटात गेलं त्याचं अर्धं कारण हा साचा होता. वाढत्या वयात कानही वाढतो. जुना साचा सैल होतो, फटीतून आवाज बाहेर निसटतो, परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. भर वर्गात, प्रार्थना चालू असताना, शिट्टी. सगळ्यांच्या माना वळतात. मागून कुणीतरी म्हणतं, "बहिरीचा रेडिओ लागला." ती घरी येऊन रडली तेव्हा सगळ्यांनी तिला धीर दिला. लक्ष देऊ नको, मन घट्ट कर. पण साचा बदलायला कुणी नेलं नाही. मशीन शिबिरात मिळालं होतं. साचा बदलावा लागतो, हे त्या गर्दीत कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

म्हणून आत्मविश्वासाची गोष्ट आम्ही साच्यापासून सुरू करतोय. शिट्टी मारणारं मशीन लावून कुठल्या चौदा वर्षांच्या मुलीला ताठ मानेनं बसता येईल? नवा साचा आला, शिट्टी थांबली, आणि तिनं पहिल्यांदा विचारलं, "उद्या लावून जाऊ का?"

सेलचंही तसंच. या बारीक सेलवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून बसवावा. एकदा काढलेली पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. शाळेच्या कंपासपेटीत एक नवा सेल कायम असावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की घाम कानामागं साचतो, नळीत पाण्याचा थेंब अडकतो आणि मशीन मुकं होतं. रात्री ते सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या डबीत ठेवलं की ओल शोषली जाते. हे सगळं आईनं करायचं नाही. तेराचौदा वर्षांच्या मुलानं स्वतः करायचं. आपल्या मशीनचं काय बिघडलं हे ज्याला कळतं, तो त्याला लाजत नाही, असं आम्हाला ठिकठिकाणी दिसलं.

(दृश्य : घर. ओसरीवर आजी ज्वारी निवडतीय.)

निवेदन :
घरातलं एक बोलायलाच हवं. पाहुणे आले की मुलीला हळूच सांगतात, "ते काढून ठेव गं." लग्नाची काळजी. मुलगी दहावीत आणि काळजी लग्नाची. सांगणाऱ्या आईचा जीव तुटत असतो, तिच्या मनात वाईट काही नसतं. पण लेकराला त्यातून काय कळतं? कानाला लावलेली वस्तू लपवण्यासारखी आहे, म्हणजे आपणही लपवण्यासारखे आहोत. बाहेरच्या चिडवण्याहून हे आत रुतून बसतं. शिवाय मशीन काढून पाहुण्यांसमोर बसवलेली मुलगी प्रश्न ऐकत नाही, उत्तर देत नाही, आणि "पोरगी जरा मंद आहे" असं म्हणून पाहुणे उठतात.

आजीचं मत वेगळं आहे.

(आजी : "मला ऐकू येईना गेलं तर मी काय तोंड लपवून बसले का? म्हणलं, जवळ या, मोठ्यानं बोला. लेकराला कशाची लाज?")

निवेदन :
आजीला एवढंच सांगायचं, की कानात कोमट तेल घालायचं तेवढं बंद करा. कान फुटला, वाहायला लागला, तर तेल आणि काडी दोन्ही लांब ठेवून डॉक्टरांकडं जायचं. लहानपणी वारंवार वाहणारा कान हे पुढं कमी ऐकू येण्याचं एक मोठं कारण आहे, आणि ते टाळता येतं.

(दृश्य : परभणी. मैदान. अकरावीतला मुलगा क्रिकेट खेळतोय.)

निवेदन :
परभणीचा हा मुलगा बारीक केस ठेवतो. त्याचं मशीन लांबूनही दिसतं. त्यानं साच्यासाठी मुद्दाम निळा रंग मागून घेतला. मित्रांना वॉशिंग्टन सुंदरचं उदाहरण देतो. सुंदरला एका कानानं ऐकू येत नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला कसोटी पदार्पणात पहिल्याच डावात त्यानं ६२ धावा केल्या. हा मुलगा मैदानात असला की झेल घेणाऱ्यानं "माझा" असं ओरडण्याऐवजी हात वर करायचा, हे संघानं आपसात ठरवून टाकलंय.

त्याच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ऐकू आलं नाही की तो "काय?" म्हणत नाही. "काय?" म्हटलं की समोरचा वैतागून तेच वाक्य ओरडतो, आणि ओरडल्यानं शब्द आणखी बिघडतात. हा जेवढं कळलं तेवढं धरतो आणि राहिलेलंच विचारतो. "किती वाजता निघायचं म्हणलास?" समोरच्याला नुसतं "सहाला" म्हणावं लागतं. गर्दीत तो अशा जागी उभा राहतो की बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल. आणि नव्या माणसाला पहिल्याच मिनिटाला सांगतो, "मला कमी ऐकू येतं, माझ्याकडं बघून बोला." एवढं एक वाक्य. ते आधी तो आरशासमोर म्हणायचा, मग मामासमोर, मग रिक्षावाल्यासमोर. आम्ही विचारलं, भीती गेली का? म्हणाला, "गेली नाही. पण बोलून टाकलं की पुढं दिवसभर लपवावं लागत नाही."

(दृश्य : पत्र्याचं छत असलेला वर्ग. पाऊस.)

निवेदन :
शाळेला काय करता येईल? मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. डेसिबल हे आवाज मोजायचं माप. मशीन एकदोन मीटरवरचं बोलणं चांगलं पकडतं. शेवटच्या बाकावर ते पंखा आणि पत्र्यावरचा पाऊसच जास्त पकडणार. तेव्हा पुढचा बाक, खिडकीकडं पाठ. शिक्षकांनी फळ्याशी न बोलता मुलांकडं वळून बोलावं. वहीत उतरवून घ्या असं म्हणत भराभर सांगणं या मुलांना सगळ्यात अवघड, कारण मान खाली घालून लिहिताना ओठ दिसत नाहीत. शेजारच्या मुलाची वही नंतर मिळाली तरी पुष्कळ भागतं. शिक्षकांच्या गळ्यात छोटा माईक आणि मशीनमध्ये थेट त्यांचा आवाज, अशी सोयही असते. आपल्याकडच्या शाळांत ती आम्हाला दिसली नाही. यायला हवी.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असलेल्यांना 'कमी ऐकू येणारे' म्हटलंय, ७० डेसिबलला कर्णबधिर. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचं असेल तर सवलती लागू होतात, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो. मुलं हे प्रमाणपत्र नको म्हणतात, शिक्का बसतो म्हणून. ते घ्यावं. दाखवायचं कुठं, हे आपल्या हातात राहतं. आणि ज्याचा दोष ४५ डेसिबल आहे ते मूल या व्याख्येत बसत नाही, पण वर्ग त्याच्याही डोक्यावरून जातो. त्यालाही मशीन लागतं. त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून इथं मुद्दाम सांगितलं.

तपासणीसाठी संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं कान-नाक-घसा विभाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायला शाळेत येतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका.

(दृश्य : २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. औशाची मुलगी वर्गासमोर. हातात मशीन.)

निवेदन :
विज्ञान दिनाला प्रत्येकानं एक उपकरण समजावून सांगायचं होतं. तिनं मशीन निवडलं. बाईंनी सुचवलं नव्हतं. तपासणी केंद्रातून मशीनचा आवाज ऐकायची, स्टेथोस्कोपसारखी नळी मागून आणली. दोन वेण्या, लाल रिबिनी, डाव्या कानाला मशीन, उजव्याचं हातात. एकेकानं ती नळी लावून ऐकलं. मैत्रिणीनं कागद चुरगाळला तसा नळी लावलेला मुलगा दचकून मागं सरला. "एवढं मोठ्यानं?" "हां. तरी आता सवय झाली."

मागं रेडिओ म्हणणारा मुलगा नळी लावायला आला नाही. तो अजूनही चिडवतो, अधूनमधून. ती आता मशीन काढत नाही.

प्रश्न बरेच आले. झोपताना काढतेस का? काढते. गाणी लागतात का त्यात? काही मशीनला मोबाईल जोडता येतो, माझ्याला नाही. शेवटी खिडकीतल्या मुलीनं विचारलं, पावसात कसं करतेस? ती म्हणाली, "काढून डबीत ठेवते. आणि तेवढ्या वेळात कुणाला काही सांगायचं असलं तर पुढं येऊन, माझ्याकडं बघून सांगायचं."