कमाटीबागेतील दोन स्मारके

श्रोतेहो, बडोद्यातल्या मराठी घरांत कमाटीबागेचा विषय निघाला की झुकझुकगाडी आणि प्राणिसंग्रहालय आधी आठवते. मला आज बोलायचे आहे ते तिथल्या दोन स्मारकांविषयी, कारण एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून पुरा लागत नाही, असे माझे मत आहे.

विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ साली ही बाग उभी राहिली. तिच्या प्रवेशद्वारापाशी महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. महाराजांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९०७ साली तो उभारला गेला. शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड. पहिल्या महायुद्धात चेहरे विद्रूप झालेल्या सैनिकांसाठी पुढे याच वुड यांनी लंडनच्या एका रुग्णालयात पातळ धातूचे मुखवटे घडवले. माणसाला त्याचा चेहरा किती मोलाचा असतो, हे इतक्या जवळून पाहिलेला शिल्पकार विरळाच. म्हणून त्या पुतळ्यापाशी गेलात तर घोड्याआधी स्वाराचा चेहरा पाहा, एवढी माझी विनंती आहे. लोकांनी मात्र त्या जागेला ‘काळा घोडा’ हेच नाव दिले आणि रिक्षावाल्यालाही आपण तेच सांगतो.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, शेतकरी घरातला गोपाळराव, म्हणजे हेच सयाजीराव, १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला आणि १९०६ साली त्याने राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच राजाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी याच बागेत बसून काढले, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. ज्या वडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा निर्धार केला असे मानतात, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसे येतात.

पहिले स्मारक राजाच्या कर्तृत्वाचे, तर दुसरे त्याच्याच राजधानीने केलेल्या अपमानाचे आणि त्यातून उठलेल्या निर्धाराचे. राजाचा हुकूम शाळेचे दार उघडू शकला, पण शेजाऱ्याचे दार उघडणे त्याच्याही हाती नव्हते, आणि ही मर्यादा ब्राँझच्या पुतळ्यात कुठेही दिसत नाही. आपण पाहुण्यांना काळा घोडा दाखवतो, संग्रहालयात नेतो, आणि बहुधा तिथूनच मागे फिरतो. यापुढे त्यांना वडाच्या जागेपर्यंत चालत न्यावे आणि १९१७ सालची ती हकीकत तिथेच उभे राहून सांगावी.