गुलाबी रांगोळी आणि दोन क्रूझर

श्रोतेहो, नमस्कार.

क्रूझर मोटारसायकल घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये काय करतो, बघितलंय कधी? टाकीवरून हात फिरवतो. स्टार्टर मारून डोळे मिटून आवाज ऐकतो. पाय पुढं टाकून, हात रुंद हँडलवर ठेवून आरशात स्वतःची ऐट बघून घेतो. मग हळूच विचारतो, "किती देते?" थांबते कशी, हे मात्र शंभरात एखादाच विचारत असेल. आणि घरी आणल्यावर पहिला खर्च कशावर? सायलेन्सरवर! आमच्या गल्लीत एक महाशय आहेत. रात्री अकराला त्यांची गाडी आली की पाळण्यातली पोरं उठतात, कुत्री उठतात, मीही उठतो. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ते असतं होय?" असो.

तर आज दोन क्रूझरमधून एक निवडायची असेल, तर ब्रेक कसे ताडून बघायचे, त्याबद्दल. आपल्याकडच्या दोन ओळखीच्या गाड्या घेऊ. बजाजची ॲव्हेंजर क्रूझ २२० आणि रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५०. कागदावर ॲव्हेंजरला पुढं २८० मिलिमीटरची डिस्क, म्हणजे ब्रेकची उघडी चकती, मागं १३० चा ड्रम, म्हणजे चाकाच्या मधला बंद ब्रेक, आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला. मिटिऑरला पुढं ३०० ची डिस्क, मागं २७० ची डिस्क आणि एबीएस दोन्ही चाकांना. म्हणजे मिटिऑर जिंकली? थांबा. ॲव्हेंजरचं वजन १६३ किलो आणि मिटिऑरचं १९१. तब्बल २८ किलोचा फरक, म्हणजे तांदळाचं एक पोतं जास्तीचं थांबवायचंय. डिस्कचा आकार म्हणजे थांबण्याचं अंतर नव्हे. पुन्हा सांगतो, डिस्कचा आकार म्हणजे थांबण्याचं अंतर नव्हे.

एबीएसचं म्हणाल, तर १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाक्यांना ते सक्तीचं आहे. पण एका चाकाचं चालतं, दोन्हीचंच हवं असं नाही. म्हणून "एबीएस आहे ना?" एवढं विचारून भागत नाही. "एका चाकाला की दोन्ही?" असं विचारायचं.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. घरातले सगळे ही गोष्ट ऐकून कंटाळलेत, तुम्ही नवीन आहात.

भाच्याला नोकरी लागली आणि क्रूझरचं वेड लागलं. दोन गाड्यांवर जीव अडकला. एक काळी, एक लाल. नावं सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. ताईनं मला फोन केला. "दादा, तू त्याच्याबरोबर जा. रंग-बिंग त्याचा तो बघेल. तू ब्रेक बघ." काळी त्याच्या मित्राची होती आणि लाल शेजाऱ्यांची. दोन्ही एका रविवारसाठी मागून आणल्या. सकाळी सात वाजता साताऱ्याच्या एमआयडीसीत एका बंद कंपनीमागचा सरळ रस्ता गाठला. चिटपाखरू नाही. दोन्ही गाड्यांची हवा आदल्या रात्रीच तपासली होती.

रस्त्यावर आडवी रेघ मारायला शाळेच्या मैदानावरची फक्की हवी होती. ती कुठली मिळायला? ताईनं दिवाळीतली उरलेली रांगोळी दिली. पांढरी संपलेली, गुलाबी शिल्लक. तर मी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गुलाबी रांगोळीची जाड रेघ ओढली. ताईनं टेपही दिला होता, पण तो निघाला शिवणकामाचा, दीड मीटरचा. मग पावलं मोजायचं ठरलं. भाच्याची पावलं छोटी, आमच्या ताईच्या घरात उंचीची जरा टंचाईच आहे. म्हणून सगळी पावलं माझीच धरायची.

ठरलं असं, की काट्यावर ५० ठेवून यायचं आणि पुढचं चाक रेघेवर आलं की ब्रेक. दोन्ही गाड्यांचे काटे खरं बोलतातच असं नाही, म्हणून मोबाइलवरचा वेगही बघायचा. भाचा काळीवर आला. रेघ. कर्रर्र! मी मोजली, छत्तीस पावलं. मग लाल. एकतीस. पुन्हा काळी, पस्तीस. पुन्हा लाल, एकतीस. मी वहीत लिहीत होतो, मोठा शास्त्रज्ञ झाल्यासारखा. लाल चार-पाच पावलांनी सरस. निकाल लागला.

तेवढ्यात शेजारच्या कंपनीचा वॉचमन आला. साठीचे गृहस्थ, हातात स्टीलचा डबा. ते आधी रांगोळीकडं बघत राहिले. "पाव्हणं, काय उतरवून टाकलंय का हितं?" त्यांना वाटलं, करणी-बिरणीचा प्रकार. मी सगळं समजावून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. डबा कठड्यावर ठेवला आणि रस्त्यावर चवड्यांवर बसले. काळी गाडी थांबली होती तिथं डांबरावर एक लांब काळा पट्टा उमटला होता, पाच-सहा पावलांचा. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. ते भाच्याला दाखवून म्हणाले, "ह्यो मागच्या चाकाचा. पुढचा बिरेक हप्त्यावर घेतलाय व्हय? वापरत का न्हाईस?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी रांगोळीकडं बघितलं.

कारण श्रोतेहो, त्याला गाडी मी शिकवली होती. तो कॉलेजात असताना, माझ्या जुन्या स्कूटरवर. आणि पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं, "पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर पडशील." पोरगं आज्ञाधारक. चार वर्षं त्यानं पुढच्या ब्रेकला बोट लावलं नव्हतं. काळीच्या मागच्या चाकाला एबीएस नाही, म्हणून ते चाक जाम होऊन घसरत होतं आणि पट्टा उमटत होता. लालच्या मागच्या चाकाला एबीएस होतं, म्हणून पट्टा नाही, फक्त पायाखाली थरथर. मी मोजत होतो ते गाड्यांचे ब्रेक नव्हते, माझी शिकवणी होती!

वॉचमननी, पूर्वी ते पाण्याचा टँकर चालवायचे म्हणे, त्याला पाऊण तास शिकवलं. हिसका द्यायचा नाही. आधी हलकं, मग मूठ घट्ट करत न्यायची, टॉवेल पिळल्यासारखी. आधी २० वर, मग ३०, मग ५०. मग पुन्हा मोजलं. काळी एकवीस पावलं. लाल वीस. एक पाऊल! आधीची चार-पाच पावलांची तफावत कुठल्या कुठं गेली.

तर ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबण्याचं जास्त काम तिथंच होतं. क्रूझर लांब आणि बुटकी, बसणारा मागं रेललेला, म्हणून तिच्या मागच्या चाकावर इतर मोटारसायकलींपेक्षा थोडं जास्त वजन टिकतं आणि मागचा ब्रेकही चांगला हातभार लावतो. मागं कुणी बसलं की आणखीच. म्हणून दोन्ही लावायचे. दोन्ही! आणि वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. ४० वर ९ मीटरात थांबणारी गाडी तेवढाच ब्रेक लावून ८० वर ३६ मीटर घेते. शिवाय ६० वर असताना समोरचं म्हशीचं रेडकू दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी १७ मीटर पुढं गेलेली असते. यात पट्टे न मारलेले गतिरोधक मी धरलेलेच नाहीत. ज्याच्या दारात लग्न, त्याच्या दारात गतिरोधक, असं आपल्याकडं चाललंय. त्यावर एकदा स्वतंत्र बोलावं लागेल.

गाड्या ताडताना दोन्हीचे पॅड, म्हणजे चकतीला घासून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे, सारखे वापरलेले हवेत, कोऱ्या पॅडची पकड बसायला काही दिवस जातात. पसरणीचा घाट उतरून वाईत आल्यावर लिव्हर स्पंजासारखा लागतो का, तेही बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि तापलं की त्यात वाफ धरते. दोन वर्षांनी ते बदलायचंच. आणि घाट गिअरवर उतरायचा.

भाच्यानं शेवटी लाल घेतली. एका पावलासाठी नाही. काळीचं पेडल पुढं होतं, तिथवर पाय नेताना त्याची टाच उचलली जायची आणि टाच उचललेल्या पायाला ब्रेक मोजून लावता येत नाही. माझा पाय तिथं आरामात पोचत होता. मी असतो तर काळी घेतली असती, हजारोंनी स्वस्तही होती. ताई अजून हप्त्यांचा हिशोब मलाच ऐकवते.

ती गुलाबी रेघ पहिल्या पावसापर्यंत तिथं होती. नंतर कधी तिकडून गेलो, की वॉचमन हात करून विचारायचे, "पोरगं पुढचा दाबतंय का?"

नमस्कार.