गोली हाय का चाळण?

नमस्कार मंडळी. सांगलीत बोलायला उभं राहिलं की जरा धडधडतंच, कारण हे नाटकाचं गाव, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं तेव्हापासून समोरचा कुठं चुकला हे इथल्या माणसाला बरोबर कळतं. पण मला सवय आहे त्याची. मी फुटबॉलचा गोली, म्हणजे गोलकीपर. नव्वद मिनिटं नीट उभा राहिलो तर कोण ढुंकून बघत नाही, आणि एकदा हुकलं की अख्खं ग्राउंड माझ्याकडं.

गोली कसा झालो म्हणाल तर हौसेनं नाही. शाळेत टीम पाडताना पळणारी पोरं आधी जायची, मी लांबडा आणि ढिम्म, शेवटी उरायचो, मग मास्तर म्हणायचे हा जाऊ दे गोलात. बऱ्याच गोलींची सुरुवात अशीच असते, विचारून बघा. आणि एकदा गोलात गेला की त्याला कोण काही शिकवत नाही. बाकीची पोरं ड्रिबलिंग करतायत, पासिंग करतायत, आणि गोली तिकडं एकटा दगड मारत बसलाय. 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच एवढा दरवाजा त्याच्या गळ्यात आणि शिकवण शून्य.

आता चाळणीचं सांगतो. कॉलेजला होतो, कोल्हापूरला मॅच. कोल्हापूरचा फुटबॉल तुम्हाला माहितीय, तिथं टीमची नावंच तालमीची, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, पेठच्या पेठ मॅचला लोटते आणि प्रेक्षक असा की शिट्टी वाजायच्या आधी ऑफसाईड देतो. पाऊस पडून गेलेला, ग्राउंडचा चिखल. एक बॉल आला, शॉट पण नव्हे हो, गडगडत आला, आजीनं लाटणं सोडल्यासारखा. मी पाय फाकवून वाकलो, हात खाली घातले आणि बॉल चिखलात जरा थबकून, मग घसरून, दोन्ही हातांच्या आणि दोन्ही पायांच्या मधनं आत. एक सेकंद सगळं शांत. मग पाठीमागनं एक आवाज, "आरं, ह्यो गोली हाय का चाळण?" लोक हसले ते हसले, आमचा फूलबॅकपण हसला. येताना पॅसेंजरमध्ये कोण बोलेना. जयसिंगपूरला एकानं भडंग घेतलं, पुडा सगळ्यांकडं फिरला, माझ्यापाशी आला आणि पुढं गेला. मिरज येईपर्यंत मी खिडकीतनं ऊस बघत बसलो.

चूक काय होती ते मला पाच-सहा वर्षांनी कळलं, आणि आता मी ती पहिल्याच दिवशी पोरांना सांगतो. गडगडता बॉल उचलताना पाय फाकवायचे नाहीत, एक गुडघा दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ आडवा न्यायचा. हात हा दरवाजा, पाय ही मागची कडी. दरवाजा उघडा राहिला तरी कडी हाय की. एवढीशी गोष्ट, दोन मिनिटांची! ती मला कुणी सांगितली असती तर भडंग मिळालं असतं.

पडायला मात्र मला शिकवणारा भेटला, तो फुटबॉलवाला नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती, तिथल्या वस्तादांनी एकदा मला सिमेंटच्या रस्त्यावर डाईव्ह मारताना बघितलं. कोपर फुटलेलं, रक्त आलेलं, आणि मी आपला खुशीत की बॉल अडवला. ते म्हणाले, "येड्या, हात टेकून पडतोयस, मनगट मोडंल. उद्या तालमीत ये." तालमीतली ती लाल माती, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली, हळद तर सांगलीचीच म्हणा, त्या मातीत महिनाभर मी नुसता पडलो. कुस्ती नाही, डाव नाही, फक्त पडणं. आधी बसून कुशीवर, मग गुडघ्यावरनं, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. पोटरी, मांडी, कंबर, खांदा अशी एकेक जागा मातीला लागू द्यायची, कोपर आत घ्यायचं, पोटावर कधी नाही पडायचं. नंतर बऱ्याच वर्षांनी मी कोचिंगचं डी लायसन्स केलं, पुढं गोलकीपिंगचा कोर्स केला, तिथं प्रोजेक्टरवर हीच चार चित्रं ह्याच क्रमानं आली. मला हसू आलं. बाजूचा म्हणाला काय झालं, म्हटलं काही नाही, वस्ताद आठवले.

तर खेळाडूचं सोडा, मी फार मोठा खेळाडू नव्हतो. युनिव्हर्सिटीपर्यंत गेलो, मग खांदा गेला, विषय संपला. कोच झालो तेव्हा वाटायचं की आपण गोली, आपल्याला सगळी मॅच दिसते, बाकी दहा जणांची पाठ आपल्याकडं असते, म्हणजे कोच व्हायला आपल्याइतका लायक कोण. हे अर्धंच खरं आहे. दिसतं, पण गोलीला सवय असते की दिसलं की ओरडायचं आणि चुकलं तर स्वतः उडी मारायची. कोचला उडी मारता येत नाही. पहिली दोन वर्षं मी टचलाईनवर, म्हणजे ग्राउंडच्या कडेच्या लाईनवर, इतका ओरडायचो की पोरं बॉलकडं बघायच्या ऐवजी माझ्याकडं बघायची. एकदा तर ओरडता ओरडता मी स्वतःच लाईनच्या आत गेलो, रेफरीनं हात धरून बाहेर काढलं.

ह्यावर मला इटलीचा डिनो झॉफ आठवतो. 1982 चा वर्ल्डकप, हा कॅप्टन आणि गोली, वय 40. चाळीस! आपल्याकडं चाळिशीला जिना चढताना कठडा धरतात. ब्राझीलबरोबरची मॅच, 3-2, अगदी शेवटचे क्षण, ऑस्करचा हेडर आला आणि ह्यानं तो गोललाईनवर जमिनीला दाबून धरला. मुठीनं ठोसला नाही, ढकलला नाही, दाबून धरला, कारण सुटला असता तर समोरच्यानं तोच बॉल परत मारला असता. इटली पुढं वर्ल्डकप जिंकली. नंतर हा कोच झाला. 1990 ला युव्हेंटसला युएफा कप आणि इटालियन कप दोन्ही जिंकून दिले आणि तरी क्लबनं नवा कोच आणला. मग 2000 ला इटलीचा कोच म्हणून युरो कपच्या फायनलला. फ्रान्सविरुद्ध 1-0 पुढं, इंज्युरी टाईम चालू, बेंचवरची माणसं उठून उभी, आणि विल्टोर्डनं बरोबरी केली, मग एक्स्ट्रा टाईमला त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे तो पडला की मॅच तिथंच खलास. संपलं. मला नेहमी वाटतं, त्या शेवटच्या मिनिटाला झॉफचे हात किती शिवशिवले असतील, अठरा वर्षांपूर्वी असाच बॉल त्यानं लाईनवर धरला होता आणि आता तो कोट घालून बाहेर. दोन दिवसांत तिथले बडे पुढारी बर्लुस्कोनी यांनी टीका केली, फ्रान्सच्या झिदानला मोकळा सोडला म्हणून, आणि ह्यानं राजीनामा दिला. भांडला नाही, दिला आणि गेला. मला तो माणूस लई आवडतो, बाकीच्यांना तो कंटाळवाणा वाटतो ते वाटू दे.

आता पेनल्टीचं एक सांगतो, म्हणजे मी पोरांना जे शिकवतो ते तुम्हाला येडपटपणा वाटणार नाही. अकरा मीटरवरनं बॉल मारतात, गोलीकडं असतो अर्धा-एक सेकंद, तोपण जेमतेम. 2007 ला इस्रायलच्या काही अभ्यासकांनी 286 पेनल्ट्या तपासल्या. शंभरातल्या एकोणतीसेक किक मधे आलेल्या, आणि गोली मधे थांबले किती वेळा, शंभरात सहा. मधे थांबले तेव्हा तीनातली एक अडली, बाजूला उडी मारली तेव्हा सातातली एक, आठातली एक. मग थांबत का नाहीत? कारण उडी मारून गोल खाल्ला तर लोक म्हणतात बिचाऱ्यानं प्रयत्न केला, आणि उभा राहून खाल्ला तर म्हणतात खांब आहे का हा. गोली निम्म्या वेळा बॉलसाठी उडी मारत नाही हो, लोकांसाठी मारतो. आणि टचलाईनवरचा कोच ओरडतो तेपण पोरांसाठी नाही, पालक बघतायत म्हणून. माझं तरी तसंच होतं.

म्हणजे प्रत्येक वेळी मधेच थांबा असं नाही, तसं केलं तर समोरचा कोपऱ्यात मारेल, तो काय दुधखुळा आहे काय. नेदरलँड्सनं 2014 च्या वर्ल्डकपला कोस्टारिकाविरुद्ध एक्स्ट्रा टाईमच्या शेवटच्या मिनिटाला खास टायब्रेकरसाठी, म्हणजे बरोबरी सुटेना म्हणून पेनल्ट्या मारतात त्यासाठी, टिम क्रुल ह्या दुसऱ्या गोलीला आत घेतला, तो पाचही वेळा बरोबर बाजूला गेला आणि दोन अडवल्या. त्याच्यासाठी बाहेर काढलेल्या पहिल्या गोलीनं, सिलेसननं, रागानं बाटलीला लाथ मारली ते कमी लोकांच्या लक्षात आहे. मी कोच म्हणून क्रुलपेक्षा त्या सिलेसनकडंच बघतो, कारण घरी न्यायचा गोली तो असतो.

मागच्या पावसाळ्यात आमची बारा-तेरा वर्षांची पोरंपोरी एका स्पर्धेत टायब्रेकरला गेली. गोलात मुलगी. ग्लोव्हज तिच्या मोठ्या भावाचे, दोन साईझ मोठे, मनगटाला चिकटपट्टी गुंडाळलेली. मी तिला आधीच सांगितलेलं, ग्लोव्हज ओले ठेव, रबर सुकलं की बॉल सुटतो, आणि पायाचा पंजा लाईनवर ठेवून समोरच्याच्या कमरेकडं बघ, तोंडाकडं नको. पहिल्या किकला ती हललीच नाही. बॉल डाव्या कोपऱ्यात. मागनं तिचेच वडील ओरडले, "अगं उडी तरी मार!" माझ्या तोंडाशी आलेलं, गिळलं. दुसऱ्याला पुन्हा उभी, बॉल सरळ पोटावर आला, तिनं कवटाळला आणि तशीच खाली बसली, दम गेलेला. तिसऱ्याला उडी मारली, उलट्या बाजूला. चौथी क्रॉसबारवर गेली, आणि आमच्या पोरांनी तीन हुकवल्या, आम्ही हरलो.

मॅच झाल्यावर ती ग्लोव्हज काढत होती, बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली. म्हणाली, सर, तिसऱ्याला मी बाबांचं ऐकलं. मी म्हटलं बरं. वडील आले, जरा ओशाळलेले, मला बाजूला घेऊन विचारलं, हिच्या मापाचे ग्लोव्हज सांगलीत मिळतील का कोल्हापूरलाच जावं लागेल. मी म्हटलं आधी हात मोजा, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मग बघू. तिथंच बसून आम्ही तिच्या शाळेच्या पट्टीनं हात मोजला. शेजारच्या पोरानं भडंगाचा पुडा पुढं केला, मी पहिली मूठ तिला दिली.