चौघांची मोहीम : ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ची पारख

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याच्या सुटीत किंवा गणपतीत मुंबई-पुण्याची भावंडे गावी येतात, चार दिवस घर भरून जाते आणि मग सगळी आपापल्या वाटेने परततात, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. अलीकडे मात्र ही पांगलेली भावंडे रात्री इंटरनेटवर पुन्हा एकत्र येतात आणि एखाद्या कल्पित जगात अजस्र श्वापदांशी मिळून लढतात. घरातली वडीलधारी माणसे मग विचारतात की हा खेळ चांगला की वाईट. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते; तलवारी दिसल्या की खेळ वाईट ठरतो आणि चित्रे देखणी असली की चांगला. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात मला आधी पाहावेसे वाटते ते हे की त्यात धोका कोण पत्करतो, मिळकत कशी वाटली जाते आणि ज्याचा हात अजून बसलेला नाही अशा खेळाडूला त्या चमूत मानाचे काही काम असते की नाही. या दृष्टीने आज मी ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ या खेळाविषयी बोलणार आहे.

कॅपकॉम या जपानी कंपनीची ही मालिका २००४ साली सुरू झाली. ‘वर्ल्ड’ हा तिच्यातला खेळ जानेवारी २०१८ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या कन्सोलांवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर आला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संगणकावर आला, आणि पुढे त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. कथा साधी आहे. समुद्रापलीकडच्या एका नव्या भूमीवर संशोधकांचा ताफा उतरला आहे, जहाजांच्या सांगाड्यांतून त्यांनी किनाऱ्यावर ॲस्टेरा नावाची वस्ती उभारली आहे, आणि तिथून शिकारी रानात निघतात. एका मोहिमेत जास्तीत जास्त चार शिकारी असतात आणि बहुतेक मोहिमांना ५० मिनिटांची मुदत असते.

या खेळाचे पहिले बळ म्हणजे तो खेळाडूला पाहायला शिकवतो. अशा प्रकारच्या बहुतेक खेळांत शत्रूच्या डोक्यावर एक पट्टी असते आणि त्याचा किती जीव उरला ते ती सांगते. इथे तशी पट्टीच नाही. श्वापद दमले की त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते, ते अखेरच्या टप्प्यावर आले की लंगडत आपल्या गुहेकडे निघते, आणि शिकाऱ्याने हे सगळे त्याच्या देहावरून ओळखायचे असते. नर्गिगान्टे नावाचे एक काटेरी श्वापद आहे. त्याच्या अंगावर नवे काटे फुटतात तेव्हा ते पांढरे असतात, मग हळूहळू काळे आणि कठीण होतात, आणि काळे झाले की त्याची सर्वांत घातक झेप येते. जो शिकारी काटे पांढरे असतानाच ते तोडतो तो वाचतो. हे शहाणपण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि एकदा आले की ते खेळाडूचे स्वतःचे होते. दोन श्वापदे एकमेकांच्या हद्दीत आली तर ती शिकाऱ्याला सोडून आपसांत झुंजतात, आणि ते रान केवळ आपल्यासाठी मांडलेले नाही याची जाणीव अशा वेळी फार चांगली होते.

दुसरे बळ याच्याशीच जोडलेले आहे. पात्राचे वय वाढावे तशी त्याची ताकद आपोआप वाढत जाण्याची सोय या खेळात नाही. शिकाऱ्याची श्रेणी वाढते, पण त्या श्रेणीने अंगात बळ येत नाही. बळ येते ते चांगल्या शस्त्रातून, चिलखतातून आणि हाताच्या सरावातून. शस्त्रांचे १४ प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल इतकी निराळी आहे की शस्त्र बदलले तर खेळच बदलल्यासारखा वाटतो. भली थोरली तलवार घेणाऱ्याला संयम लागतो, कारण तिचा वार उगारायलाच वेळ जातो. धनुष्य घेणाऱ्याला अंतराचा अंदाज सतत ठेवावा लागतो. हंटिंग हॉर्न नावाचे एक शस्त्र तर वाद्यच आहे. ते वाजवणारा खेळाडू आपल्या सुरांनी चौघांचेही बळ वाढवतो.

इथेच मला तो मानाच्या कामाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. चमूत एखादे लहान भावंड असेल, किंवा प्रथमच खेळणारी मावशी असेल, तर तिच्या वारांनी श्वापद पडणार नाही, हे उघड आहे. पण या खेळात ‘वाइड-रेंज’ नावाचे एक कौशल्य आहे, ज्यामुळे आपण प्यायलेले औषध जवळच्या सोबत्यांनाही लागू पडते. लाइफपावडर नावाची पूड उधळली की सगळ्यांच्या जखमा भरतात. सापळे लावता येतात. रानात वनस्पती आणि मध गोळा करून ही औषधे आपणच बनवायची असतात. चौघांतला एक जण केवळ इतरांना सांभाळत राहिला तरी मोहीम सुकर होते, आणि त्याला मिळणारी मिळकत इतरांपेक्षा कमी नसते.

मिळकतीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा खेळांची नियत तिथे कळते. श्वापद पडल्यावर प्रत्येक शिकारी त्याची कातडी, नखे, खवले स्वतःसाठी काढून घेतो, आणि एकाने काढले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. शेपूट तुटली तर ती कोणीही तोडलेली असो, प्रत्येकाला तिच्यातून आपला भाग घेता येतो. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना दोराला ज्यांचे हात लागतात त्या सर्वांचा मासळीत वाटा असतो, तोच न्याय इथे आहे. २००० साली आलेल्या ‘डायब्लो २’ या गाजलेल्या खेळाशी तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. तिथे मारलेल्या राक्षसाजवळची वस्तू जमिनीवर पडे आणि जो आधी झडप घाली त्याची ती होई. लढाईत पुढे राहणाऱ्यापेक्षा टपून बसणारा श्रीमंत होई. आज आपल्याकडच्या मुलांच्या फोनवर ‘गेनशिन इम्पॅक्ट’ हा २०२० चा खेळ दिसतो. त्यातही चौघे एकत्र येऊ शकतात, पण पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या जगात गेलेल्याला तिथली खजिन्याची पेटी उघडता येत नाही. शिवाय त्यातली दुर्मीळ पात्रे सोडतीने मिळतात आणि पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के आहे. तो खेळ देखणा आहे आणि फुकट सुरू करता येतो, हे मी नाकारत नाही. पण फुकट सुरू होणाऱ्या खेळात पुढे पैसे कुठे जातात हे पालकांनी नीट पाहावे असे मला मनापासून वाटते. ‘वर्ल्ड’ एकदा विकत घेतला की त्यात बळ विकत घेण्याची सोय नाही. पुढे जे विकले जाते ते मुख्यतः वेशभूषा आणि हावभाव.

धोका मात्र सामाईक आहे. कोणीही शिकारी कोसळला की मांजरांची एक गाडी त्याला उचलून तळावर आणते, आणि बहुतेक मोहिमांत असे तीनदा झाले की मोहीम फसते. हे ‘तीनदा’ सर्व चमूचे मिळून असते. एकाच्या उतावीळपणाने चौघांची चाळीस मिनिटे वाया जाऊ शकतात. मला हा नियम योग्य वाटतो, कारण त्यामुळे सोबत्याकडे लक्ष ठेवावे लागते. पण अनोळखी माणसांबरोबर खेळताना तो फार कठोर ठरतो, आणि अशा वेळी नवख्या मुलांना लेखी किंवा तोंडी शिव्या खाव्या लागतात, हेही खरे आहे. लहान मुलांनी ओळखीच्यांबरोबरच खेळावे, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव अशी की हा खेळ एकत्र खेळण्यासाठी केला आहे आणि तरीही कथेच्या ओघात तोच खेळाडूंना एकमेकांपासून तोडतो. कथेच्या अनेक मोहिमांत मधे एक चित्रित प्रसंग येतो, आणि तो प्रसंग प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय कोणाला मदतीला बोलावता येत नाही. रत्नागिरीतला भाऊ आणि ठाण्यातली बहीण यांना अशी मोहीम एकत्र करायची असेल, तर दोघांनीही ती आपापली सुरू करायची, श्वापदापर्यंत एकट्याने जायचे, प्रसंग पाहायचा, मग एकाने आपली मोहीम सोडून द्यायची आणि दुसऱ्याच्या मोहिमेत शिरायचे. प्रत्येक वेळी हेच. ज्या मालिकेची कीर्ती हातातले छोटे कन्सोल घेऊन एका खोलीत जमलेल्या मित्रांमुळे वाढली, तिच्या नव्या खेळात ही अडचण राहावी, याचे मला अजूनही वाईट वाटते. कथा तशी फार खोल नाही. तिच्यासाठी एवढी किंमत मोजण्याजोगे तिच्यात काही नाही.

दुसरी उणीव दोघांच्या जोडीला भोवली. सुरुवातीच्या काळात एकट्यासाठी श्वापदाचे बळ एक असे, आणि दुसरा कोणी आला की ते थेट चौघांसाठी ठरवलेल्या मापाने वाढे. दोन भावंडे खेळत असतील तर त्यांना चौघांचे ओझे दोघांच्या खांद्यावर घ्यावे लागे. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘आइसबोर्न’ हा ‘वर्ल्ड’चाच जोडभाग आला, त्या वेळी दोघांसाठी वेगळे माप ठरवले गेले आणि कोणी मधेच निघून गेले तर श्वापदाचे बळही त्याप्रमाणे उतरू लागले. चूक दुरुस्त झाली हे चांगले झाले, पण तोवर दीड वर्ष उलटून गेले होते.

या दुरुस्तीचे मोल आपल्या किनाऱ्यावर अधिक आहे. पावसाळ्यात वीज जाणे, वाऱ्याने तार तुटणे, फोनची रेंज जाणे हे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. चालू मोहिमेत इंटरनेट तुटले तर हा खेळ मोहीम बंद पाडत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी ती पुढे एकट्याने लढू शकतो, आणि मुळात सबंध खेळ इंटरनेटशिवायही खेळता येतो. सतत जोडणी मागणाऱ्या खेळांपेक्षा आपल्या भागाला हा कितीतरी सोयीचा आहे. मात्र एका बाबतीत तो फार गैरसोयीचा आहे. संगणकावरचा खेळाडू आणि प्लेस्टेशनवरचा खेळाडू यांची यात भेटच होऊ शकत नाही. एका घरात संगणक आणि दुसऱ्या घरात कन्सोल असेल तर दोन प्रती घेऊनही भावंडे वेगळीच राहतात, आणि प्लेस्टेशनवर इतरांबरोबर खेळायचे तर निराळी वर्गणीही भरावी लागते. विकत घेण्यापूर्वी चुलत घरी काय आहे ते विचारून घ्यावे.

लहान उणिवाही आहेत. चिलखतात बसवायची रत्ने नशिबाने मिळतात आणि हवे ते रत्न न मिळाल्यामुळे तीच शिकार पुन्हा पुन्हा करावी लागते. लांब तलवारीचा फटकारा सोबत्याला इजा करत नाही, पण त्याचा तोल घालवतो, आणि त्यावरून भांडणे होतात. शस्त्रे कशी वापरावीत हे खेळ बारीक अक्षरांतल्या इंग्रजी पाट्यांवर उरकतो. मराठी किंवा हिंदीची सोय नाही. झोरा मॅग्डारोस या डोंगराएवढ्या श्वापदाची मोहीम पाहायला भव्य आहे, परंतु तोफा भरत राहण्यापलीकडे तिच्यात करण्यासारखे थोडे आहे.

शिकारीविषयी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मी टाळणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी आहे, बागायतीत शिरणारी रानडुकरे आणि माकडे यांचा प्रश्न आपण रोज सोसतो, आणि त्याच वेळी घरातले मूल पडद्यावर प्राणी मारत बसले आहे, हे कोणाला खटकले तर मला नवल वाटत नाही. खेळ आपल्या परीने उत्तर देतो: श्वापदाला सापळ्यात अडकवून, गुंगी आणून जिवंत पकडता येते आणि त्याची मिळकतही चांगली असते, रानाचा तोल राखणे हे शिकाऱ्यांचे काम आहे, असे त्यातली पात्रे सांगतात. परंतु एका रत्नासाठी तेच श्वापद वारंवार मारायला लावणारा खेळ तोल राखण्याची भाषा करतो तेव्हा ती मला पटत नाही. मुलांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे, कारण त्यांनाही ही विसंगती जाणवलेली असते.

याच मालिकेतला ‘वाइल्ड्स’ हा खेळ फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि त्यात वेगवेगळ्या यंत्रांवरच्या खेळाडूंना एकत्र येण्याची सोय झाली. पण त्याला बराच ताकदवान संगणक लागतो, आणि जुन्या यंत्रावर खेळणाऱ्या घरांसाठी मी आजही ‘वर्ल्ड’चेच नाव घेईन. अमेरिकेतल्या मानांकनानुसार तो १३ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. नवख्याने ढाल-तलवारीने सुरुवात करावी, कारण ती हातात असतानाही औषध घेता येते. आणि पालकांना एक विनंती. मोहीम ५० मिनिटांची असू शकते आणि मधूनच उठलेला खेळाडू बाकीच्यांना अडचणीत टाकतो, तेव्हा मुलांना जेवायला किंवा अभ्यासाला बोलवायचे असेल तर मोहीम सुरू होण्यापूर्वी तसे सांगून ठेवावे, आणि मुलांनीही वेळ पाहूनच पुढची मोहीम घ्यावी.

नमस्कार.