कपाट मागे का येत नाही?

आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं. तो पंखा जरा कमी करा कुणीतरी, माझे कागद सरकतायत, म्हणजे कागद आणि टेबलातलं घर्षण कमी पडतंय, विषय सुरू झालाच समजा.

तर मी बरीच वर्षं फळ्यावर लिहायचो की घर्षण गतीला विरोध करतं. पोरं तेच पाठ करायची, पेपरात उतरवायची, मार्कही मिळायचे. एकदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, सर मग आपण चालतो कसे? मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. नंतर पावसाळ्यात आईला घेऊन गंगेवर गेलो होतो (गोदावरी म्हणणारा नाशिककर मी अजून पाहिला नाही), घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ, वर चढायला जोर लावला आणि मागचा पाय आणखी मागे सटकला, गुडघा फुटला. आई म्हणाली, शिकवतोस काय रे पोरांना! पण कळलं ते तिथंच. पाय मागे घसरायला बघतो, दगड त्याला घसरू देत नाही, म्हणजे दगड पायाला पुढे ढकलतो. घर्षण गतीला नाही, घसरण्याला विरोध करतं. तुमच्या स्कूटरचं मागचं चाकही असंच, रस्ता त्याला पुढे ढकलतो म्हणून गाडी पळते.

आता एक गणित, यात चांगले चांगले फसतात. 80 किलोचं लोखंडी कपाट, फरशीशी स्थितिक घर्षण गुणांक (म्हणजे हलण्याआधी दोघांची पकड किती घट्ट, त्याचा आकडा) 0.5, तुम्ही 200 न्यूटननं ढकलताय आणि कपाट ढिम्म हलत नाही. घर्षण बल किती? लगेच 80 गुणिले 9.8 (गुरुत्वाचा आकडा, म्हणजे झालं वजन) गुणिले 0.5, उत्तर 392 न्यूटन. अरे पण पुढे 200 आणि मागे 392, मग कपाट उलटं तुमच्याच अंगावर यायला पाहिजे की! उत्तर 200च. कपाट जागचं हलत नाही तोवर घर्षण म्हणजे जशास तसं, तुम्ही 50 लावा ते 50, तुम्ही 300 लावा ते 300. 392 ही त्याची शेवटची मर्यादा, ती ओलांडली की कपाट सुटतं, आणि सुटल्यावर गतिज घर्षण थोडं कमीच असतं, म्हणून घर बदलताना पहिला धक्का जड आणि मग "चाललं चाललं".

ही वीट बघा. आडवी ठेवून ताणकाट्यानं सावकाश ओढली, आकडा बघितला. आता कडेवर उभी करून ओढतो... जवळपास तेवढाच ना? टेकणारी जागा कमी झाली तरी घर्षण तेवढंच. अमोंताँ नावाच्या फ्रेंच माणसानं 1699 साली हे मांडलं तेव्हा तिकडच्या विद्वानांनाही पटकन पटलं नव्हतं, तुम्हाला नाही पटलं तर लाजू नका.

कसारा घाट सगळ्यांनी पाहिलाय. चढ 37ला 1, म्हणजे 37 मीटर गेलं की 1 मीटर वर. समजा इंजिन धरून हजार टनांची गाडी आहे, तर उतार तिला साधारण 27 टन वजनाइतक्या बलानं मागे ओढतो. इंजिन 120 टनांचं धरा, कोरड्या रुळावर गुणांक 0.25 धरा, पकड 30 टनांची, म्हणजे जेमतेम. डब्यांच्या वजनाचा उपयोग नाही, कारण त्यांची चाकं नुसती घरंगळतात, मोटार इंजिनाच्या चाकांना. त्यात पाऊस, इगतपुरीचा पाऊस! रूळ ओला झाला की पकड निम्म्यावरही येते, मग मोटारीत कितीही ताकद असू दे, चाक जागेवरच गरगर फिरतं. म्हणून इंजिनात वाळू असते, ती चाकापुढे रुळावर सोडतात. आणि म्हणूनच मुंबईहून येताना बऱ्याच गाड्या कसाऱ्याला थांबतात, मागून बँकर इंजिनं लागतात, नुसती ताकद वाढवायला नाही, रुळावर दाबून धरणारी चाकं वाढवायला. तिथं तो हलकासा धक्का बसतो ना, चहा हिंदकळतो, तेच ते.

हं, विचारा आता. आणि ती वीट कुणाला ओढून बघायचीय त्यानं वर या, चप्पल घालूनच या, स्टेजची फरशी आत्ताच पुसलीय.