एसटीतला गोंडा आणि निन्टेंडोचा रिमोट

मघाशी बाहेर चहा घेताना एक काका मला म्हणाले, "टेबलावर टीव्हीचा रिमोट कशाला ठेवलाय? इथे टीव्ही तर दिसत नाही." काकांचं काही चुकलं नाही. हा तसाच दिसावा म्हणून लोकांनी डोकं खाजवलं आहे. ही वस्तू निन्टेंडोच्या 'वी' नावाच्या व्हिडिओ गेमची. वीतभर लांब नाही, आत दोन पेन्सिल सेल, वर मोजकी बटणं, खाली बोटाशी एक खटका. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांचा आग्रह होता की याला कंट्रोलर म्हणायचं नाही, रिमोटच म्हणायचं. कारण टीव्हीचा रिमोट घरात कोणीही उचलतं. गेमचा कंट्रोलर दिसला की निम्मं घर हात मागे घेतं.

ते का, हे ज्यांनी कधी तो कंट्रोलर हातात घेतलाय त्यांना सांगायला नको. दोन्ही हातांत धरायचा, दहा-बारा बटणं, वर दोन अंगठ्यांसाठी दोन काड्या. मुलं बघता बघता शिकतात. आपल्याला कोणतं बटण उडीचं आणि कोणतं गोळीचं हे कळेपर्यंत आपण तीनदा मेलेलो असतो.

आता थोडा इतिहास, पटकन. निन्टेंडो ही क्योटोची कंपनी, १८८९ सालची. सुरुवात हातानं केलेल्या पत्त्यांपासून, म्हणजे घरात चार जणांनी बसून खेळायच्या वस्तूपासूनच. नंतर खेळणी, मग व्हिडिओ गेम. २००५च्या सुमारास मात्र पाय घसरला होता. त्यांचा 'गेमक्यूब' शेवटपर्यंत २ कोटी १७ लाखांवर थांबला, आणि सोनीचा प्लेस्टेशन २ तोवर दहा कोटींच्या पुढे गेला होता. पुढच्या फेरीत सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांची शर्यत चित्र किती झकास दिसतं याची होती. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ३ आला, किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, वी आला. किंमत २५० डॉलर, चित्र जुन्या टीव्हीच्या लायकीचं, आणि खोका तीन डीव्हीडीच्या डब्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. पैलवानांच्या आखाड्यात कोणी धोतर सावरत यावं तसा.

नावाचीही थट्टा झाली. इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना ते शू-शीच्या जवळचं वाटलं. कंपनीच्या मनात इंग्रजीतला 'वुई' होता, आणि स्पेलिंगमधले (Wii) दोन आय म्हणजे शेजारी शेजारी उभी राहिलेली दोन माणसं. मला नेहमी वाटतं, इंग्रजीला इथे शब्द अपुरा पडला. त्यांच्या 'वुई'मध्ये 'आम्ही' की 'आपण' ते कळत नाही. निन्टेंडोला म्हणायचं होतं 'आपण'.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या रिमोटला हाताची हालचाल कळते कशी? माझी अर्धी नोकरी असल्या चिपांबरोबर गेली आहे, त्यामुळे मला छातीवर हात ठेवून सांगता येईल: फारशी कळत नाही.

एसटीत ड्रायव्हरच्या समोर आरशाला एखादा गोंडा लोंबत असतो, आठवतो? ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की गोंडा पुढे काचेकडे जातो. गाडी सुटली की मागे येतो. या रिमोटच्या आत सिलिकॉनचा एक गोंडाच आहे. अगदी सूक्ष्म वजन, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेलं. ते इकडेतिकडे सरकलं की शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते, आणि चिप तो बदल मोजते. उभं, आडवं, पुढे-मागे, अशा तीन दिशांना. अशा चिपा मोटारींच्या एअरबॅगसाठी नव्वदच्या दशकापासूनच वापरात होत्या. टक्कर झाली, गोंडा जोरात पुढे गेला, फुगव पिशवी.

पण गोंड्याची एक अडचण आहे. समजा, एसटी घाट उतरताना मध्येच उभी राहिली. नाक खाली, शेपूट वर. गोंडा कुठे दिसेल? काचेकडे झुकलेला. म्हणजे सपाट रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर दिसतो तसाच. खिडक्यांचे पडदे लावा आणि नुसता गोंडा बघून सांगा, गाडी उतारावर उभी आहे की ब्रेक लागतोय. नाही सांगता येणार. रिमोटचंही तेच. तो तिरका झालाय की ढकलला गेलाय, याचा त्याला एका वाचनावरून पत्ता लागत नाही. सपाट चौकात एसटी हळूच फिरवून उत्तरेची दक्षिणेकडे केली तर गोंडा ढिम्म हलणार नाही. तेही ज्ञान रिमोटला नाही.

मग पडद्यावर बोट रोखल्यासारखा बाण कसा फिरतो? त्याला वेगळी युक्ती. टीव्हीवर एक काळी पट्टी ठेवायची, तिचं नाव 'सेन्सर बार'. नाव साफ खोटं आहे. ती काहीच सेन्स करत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड प्रकाश देणारे दिवे आहेत, बस. बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात आहे. दोन ठिपके कुठे दिसतात त्यावरून तो आपली दिशा ठरवतो. ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतो, म्हणून पट्टी काढून तिथे वीतभर अंतरावर दोन निरांजनं लावली तरी काम चालतं. मी घरी लावून बघितली आहेत. आईनं आधी विचारलं की आज काय आहे, आणि मग म्हणाली, टीव्हीची आरती कोण करतं?

आईचा विषय निघालाच आहे. २००७ साली मी न्यू जर्सीत, एडिसन गावी होतो. वी दुकानात मिळत नसे. रविवारी सकाळी थोडा माल येई आणि त्यासाठी कुडकुडत रांग. मी लेकासाठी म्हणून आणला. मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. तिथली दुपार फार मोठी असते हो. आम्ही कामावर, मुलगा शाळेत, बाहेर चालायला फुटपाथ नाही.

आधी मुलानं आजीचं बाहुलं बनवलं. वीमध्ये प्रत्येकाचं असं एक बाहुलं, 'मी', म्हणजे नाव ऐकायला थेट मराठीच. केस, नाक, चष्मा निवडायचा. कुंकू अर्थातच नव्हतं. पण चेहऱ्यावर तीळ ठेवायची सोय होती, आणि तो तीळ कुठेही सरकवता येई, मोठा करता येई. लेकानं तो उचलून कपाळावर आणला. आई चष्मा वर करून जवळ गेली आणि म्हणाली, "काळी आहे, पण टिकली आहे."

मग बोलिंग. खटका दाबून धरायचा, हात मागे न्यायचा, पुढे आणताना सोडायचा. पहिल्या वेळी तिनं मागेच सोडला. चेंडू पाठीमागे गेला आणि गेममधले प्रेक्षक दचकून उडाले. बनवणाऱ्यांनी ही चूक आधीच गृहीत धरून तिच्यात गंमत भरून ठेवली होती, ते मला फार आवडलं. "आजी, सडा टाकतेस ना अंगणात, तसा हात आण," मुलगा म्हणाला. त्यानं सडा एकदाच, कोकणातल्या घरी पाहिलेला. आईनं कंबरेत किंचित वाकून, डावा हात पदराला, उजवा हात खालून सोडला. दहाच्या दहा आडवे. पन्नास वर्षं केलेल्या एका कामाची पावती तिला एडिसनच्या फ्लॅटमध्ये मिळाली.

तिसऱ्या दिवशी रिमोट हातातून निसटला. मनगटात अडकवायची दोरी मी तिला घालायला सांगितलीच नव्हती, चूक माझी. मघाचा गोंडा आठवा: वस्तू हवेत मोकळी असताना गोंड्याला वजन जाणवत नाही. म्हणजे तो अर्धा सेकंद रिमोटच्या मते जगात जवळजवळ काहीच घडत नव्हतं. मग तो टीव्हीच्या वीतभर डावीकडे भिंतीत घुसला. तिकडच्या भिंती पुठ्ठ्याच्या. बाबांनी त्या खळग्यावर शांतपणे कालनिर्णय लावलं. असं जगभर होत होतं. कंपनीनं डिसेंबर २००६ मध्येच ३२ लाख दोऱ्या जाडसर करून बदलून द्यायचं जाहीर केलं होतं. आणि वैद्यकातल्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात २००७ साली स्पेनमधल्या एका तरुण डॉक्टरनं स्वतःच्याच खांदेदुखीवर पत्र लिहिलं. कारण, तासन्‌तास टीव्हीसमोर टेनिस.

आता मला जे म्हणायचंय ते इथे आहे. आठवड्याभरात माझ्या मुलाच्या लक्षात आलं की हात पूर्ण फिरवायची गरजच नाही. सोफ्यावर मांडी घालून मनगटाला झटका दिला की गोंड्याला तेवढंच पुरतं. टेनिसमध्ये तर पळायचं कामही गेम परस्पर करतो. तुम्ही फक्त झटका कधी देता एवढंच तो बघतो. लवकर दिलात तर एका बाजूला, उशिरा दिलात तर दुसऱ्या. आईला हे माहीत नव्हतं. ती पूर्ण खेळत होती. बाबा प्रत्येक चेंडूला क्रिकेटसारखा डावा पाय पुढे टाकत, कोपर वर. यंत्राला ना पाय दिसत होता ना कोपर. तरी मुलगा आणि बाबा बरोबरीत सुटत. यंत्र थोडं अडाणी होतं म्हणून ते सगळ्यांना सारखं वागवत होतं. त्याला जे दिसत नव्हतं ते खेळणारा स्वतःच्या मनानं भरत होता.

२००९ साली कंपनीनं रिमोटला खाली जोडायचा एक तुकडा काढला, त्यात फिरणं मोजणारा जायरोस्कोप. आता मनगट किती वळलं तेही कळू लागलं. इंजिनिअर म्हणून मी टाळ्या वाजवल्या. पण घरात काय झालं? टेबल टेनिसमध्ये आईचे फटके बाहेर जाऊ लागले, कारण आता तिचं मनगट खरंच जसं वळत होतं तसं यंत्राला दिसत होतं. अचूकता आली आणि नातू जिंकायला लागला. यावर माझे काही मित्र मला जुनाट म्हणतात. म्हणू देत.

निन्टेंडोत गुनपेई योकोई नावाचे एक इंजिनिअर होते. १९८०चे छोटे हातातले 'गेम अँड वॉच' त्यांचे, कॅल्क्युलेटरचा स्वस्त झालेला पडदा वापरून केलेले. ते म्हणत, वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार करा. जपानीत शब्द 'वाळलेलं' असा आहे, पण माझ्या मते त्याला खरा मराठी शब्द 'मुरलेलं'. लोणच्यासारखं. नवं, कोरं, महाग असं काही घेऊ नका. स्वस्त झालंय, खोड्या कळल्यात, असं घ्या आणि भलत्याच ठिकाणी वापरा. योकोई १९९७ सालीच गेले, पण एअरबॅगचा गोंडा आईच्या हातात दिला तो या विचारानंच.

आकडे सांगून टाकतो. वी एकूण १० कोटी १६ लाख विकला गेला. बोलिंग-टेनिसचा 'वी स्पोर्ट्स' जपानबाहेर बहुतेक ठिकाणी खोक्यातच मिळायचा, तो ८ कोटी २९ लाख. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. वर उभं राहून तोल सांभाळायची एक फळी आली, तिच्या चार कोपऱ्यांत चार वजनकाटे. ती शंभर डॉलरच्या आतली फळी प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राच्या जवळपास जाते असं मेलबर्नच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं आणि फिजिओथेरपीवाल्यांनी ती उचलली. पुढचा 'वी यू' २०१२ साली आला तो दीड कोटीही गेला नाही. त्याच्याबरोबर पुन्हा दोन्ही हातांत धरायचा, काड्या-बटणांचा कंट्रोलर आला, मधोमध पडदा घेऊन. आणि गोंडा तोवर सगळ्यांच्या खिशात गेला होता. फोन आडवा केल्यावर चित्र आडवं होतं ना, तोच तो.

असो, फार बोललो. मी जुना खोका आणलाय, प्रोजेक्टरला जोडून ठेवलाय. पट्टी मुद्दामच आणली नाही. दोन निरांजनं लावली आहेत, पंखा तेवढा कोणीतरी बंद करा. पहिल्या रांगेतल्या आजी, हो, तुम्हीच, या पुढे. दोरी आधी मनगटात घाला.